थाळी सावरीपाशी वळते

"घारही बसो, गरुडही बसो. जो दुसऱ्याला बसू देणार नाही, त्याचा पंख मोडो."

बाप हे म्हणायचा तेव्हा उझोअमाका फार लहान होती. सकाळच्या कोवळ्या उन्हात बैठकीच्या दाराशी बसून तो कोलाची बी हातात धरायचा, आणि आधी पूर्वजांशी, मग शेजाऱ्यांशी, मग अंगणातल्या कोंबड्यांशी एकाच सुरात बोलत राहायचा. आवाज जाडाभरडा, शेवटाला जरासा वर उचललेला. जणू म्हणणं संपलेलं नाही, पलीकडून कुणीतरी "हो" म्हणायचं राहिलंय. बाप, गावचा ओक्वुदिली मास्तर, गेल्या पावसाळ्यात गेला. आवाज काही गेला नाही. दुपारी अंग टेकलं, पापण्या जड झाल्या, की तो येतो. चपला बाहेर काढून आत यावं, तसा हळूच.

आजही तिनं चटईवर अंग टाकलंय. बाहेर हरमाटन सुटलाय. वाळवंटाकडून येणारा हा कोरडा वारा धूळ घेऊन येतो नि ओठ फोडून जातो. अंगणात आई भोपळ्याच्या बिया सोलतेय. कट्, कट्. दिवस कलला की गावच्या सभागृहात मुलांचा कार्यक्रम आहे, आणि त्याआधी उझोअमाकाला एक गोष्ट ठरवायची आहे. ठरत नाही, म्हणून तर ती आडवी झालीय.

ती गोष्ट अशी.

उमुदारा हे तिचं गाव, नायजेरियातल्या इग्बो मुलखातलं. गावातली आणि शहरांतून सुट्टीला आलेली मुलं ती दर शनिवारी गोळा करते, आणि गोरे येण्याआधी आपण कसे होतो ते शिकवते. मुलं तिला आंटी म्हणतात. ती त्यांना चार दिवसांचा आठवडा शिकवते, दर दिवसाला एका बाजाराचं नाव. कोडी घालते. राजा नव्हता तरी गाव कसं चालायचं ते सांगते: "सगळे गोल बसायचे. गोलाला ना डोकं ना शेपूट. ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलायचं." पण सगळ्यांत जीव लावून शिकवते ती कोलाची थाळी.

कोला म्हणजे सुपारीहून मोठी, पाकळ्यापाकळ्यांची, कडवट बी. आपल्याकडे विड्याचा जो मान, तो तिकडे कोलाचा. दारी आलेल्याला आधी कोला, मग पाणी, मग काय काम काढलंत ते. पण फोडण्याआधी ती लाकडी थाळीत ठेवून हातोहात फिरवायची, कुणी खायची नाही, नुसती बोटं टेकवून बघायची. आणि फिरवायची तीही कशीही नाही. यजमानाकडून त्याच्या सख्ख्याकडे, सख्ख्याकडून चुलत्याकडे, थोरल्या घरातून धाकट्या घरात, मग मामाच्या कुळात, मग पाहुण्याकडे; आणि आली त्याच वाटेनं परत. क्रम जरा चुकला की म्हातारे खाकरतात. थाळी कुठून कुठे गेली एवढं पाहिलं, की अख्ख्या गावाचं गोत कळतं. पोरांना पाठ व्हावं म्हणून उझोअमाकानं गाणंच रचलंय:

थाळी निघाली थोरल्या दारी,
थोरल्या दारची धाकट्या घरी,
धाकट्या घरची मामाच्या हाती,
मामाच्या हातची पाहुण्यासाठी.
पाहुण्या, पाहुण्या, डोळ्यांनी घे,
आली त्या वाटेनं माघारी दे.

लागोसहून आलेला टोबे पहिल्या दिवशी थाळीपुढे इंग्रजी झाडायला लागला, तेव्हा पोरं एका सुरात ओरडली होती, "अरे, कोलाला इंग्रजी कळत नाही!" टोबे वरमला. मग म्हणाला, "मग तिलाही शनिवारी वर्गात बसवा." त्याच टोबेनं पुढे एकदा विचारलं, "आंटी, सगळे गोल बसायचे, म्हणजे सगळेच?" आणि उझोअमाकानं बापाची म्हण पुढे केली होती: म्हातारा बसल्या जागी बघतो, ते पोराला झाडावर चढूनही दिसत नाही.

थाळी सगळ्यांत छान फिरवते सोमकेने. दहाएक वर्षांची पोर, पण कोण कुणाचा कोण हे तिला एकदा सांगितलं की पुरे. मात्र सोमकेनेचं घर सावरीच्या जुन्या झाडापलीकडे आहे, देवीच्या आवाराला लागून. तिकडची माणसं ओसू. फार पूर्वी कुणाला नवसापोटी देवीला वाहिलेलं, कुणी जीव वाचवायला आपणच देवीच्या पायाशी जाऊन पडलेलं. त्यांची ही पोरंबाळं. देवाची झाली, म्हणून माणसांतून उठली. कायद्यानं हे केव्हाच बंद केलंय. थाळी मात्र अजून सावरीपाशी आली की वळते.

म्हणून उझोअमाकानं सोमकेनेला मडकं दिलं. उदू म्हणतात त्याला. कुशीला भोक असतं, तळव्यानं थापलं की विहिरीसारखं घुमतं. "तुझा हात तालाचा आहे गं," असं म्हणून दिलं. पोर काही बोलली नाही. मडकं मांडीत घेऊन बसली. थाळी टोबेकडे गेली.

आणि काल टोबे तापानं झोपला. बाकीच्यांना अर्ध्या वाटेपर्यंतच येतं. सगळी वाट पाठ असलेली एकच.

दुपारी न्वाफोर काका डोकावला होता. बापाचा चुलतभाऊ, सभागृहाच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला असतात.

"पोरी, तुझा थाळीवाला फणफणलाय म्हणे."

"हो, काका."

"मग नाच ठेव. गाणी ठेव. पण त्या झाडापलीकडच्या हातातली थाळी पुढे आली, तर आम्ही उठून जाऊ. आणि मग पुढल्या शनिवारी किल्ल्या मागायला येऊ नकोस." जाताना तो हसलाही. वाईट माणूस नाही तो. "माझ्यावर काय डोळे काढतेस? बापाला विचार तुझ्या. तो जे म्हणाला असता, तेच मी म्हणतोय."

बापाला विचार. एवढं वाक्य उशाला घेऊन ती पडलीय.

कट्, कट्. बियांचा आवाज लांब जातो, जवळ येतो. आता तो बियांचा नाही. कुणीतरी दातानं कोला फोडून पाहतंय.

"अजून कच्ची आहे," बाप म्हणतो.

तो समोर बसलाय. वर चर्चला जायचा कोट, खाली घरची लुंगी, पाय धुळीनं पांढरे. मेल्याचं काही लक्षण नाही. फक्त वारा त्याच्या कोटाला लागत नाही.

"पापा, तुम्ही?"

"बस, न्ने." न्ने म्हणजे आई. लाडात आला की तो लेकीला आईच म्हणायचा. "थाळी फिरून आल्याशिवाय उठायचं नसतं, विसरलीस?"

उझोअमाका बसते. बसल्यावर दिसतं, ही बापाची बैठक आहे. वर झावळ्यांचं छप्पर, पण भिंतीवर तिच्या वर्गाचा फळा, आणि फळ्यावर तिच्याच अक्षरात चार बाजारांची नावं. गोल करून माणसं बसलीत. काही ओळखीची, काही नुसत्या फोटोंतली. सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागलेत. जिथे दार असायचं तिथेही गुडघेच आहेत.

"दार कुठंय, पापा?"

"थाळी फिरली की दिसेल."

थाळी तिच्या हातात आहे. कधी आली कळत नाही. ती उठते आणि रीतीनं निघते. बापाकडून काकाकडे. काका बोटं टेकवतो, मान हलवतो. थोरल्या घरी, धाकट्या घरी. धाकट्या घरापुढे बाजार भरलाय. सुरणवाली बाई थाळीकडे डोळ्यांनी बघते आणि डोळ्यांनीच परत करते. बाजाराच्या टोकाला मामाचं अंगण, अंगणात चर्चचे बाक, बाकांवर पाहुणे. सगळं बरोबर चाललंय. एकही म्हातारा खाकरलेला नाही. पुढे रस्ता. रस्त्यावर सावर उभी. खोड भिंतीएवढं, पांढरा कापूस उडतोय, तो धुळीत धूळ होतोय. झाडापलीकडून उदूचा आवाज. घुम्... घुम्... कुणीतरी तळव्यानं, अगदी सांभाळून वाजवतंय.

ती झाडाकडे पाऊल टाकते आणि पाऊल वळतं.

पाऊल तिचंच, पण वळवलेलं तिनं नाही. रस्ताच चटईसारखा गुंडाळत जातो, आणि ती पुन्हा गुडघ्यांच्या गोलात, बापापुढे.

"आलीस? फिरव पुन्हा."

ती पुन्हा निघते. काका, थोरलं घर, धाकटं घर, सुरणवाली, मामा. "थाळी निघाली थोरल्या दारी..." गाणं आपोआप तोंडात येतं, आणि तिच्या लक्षात येतं की ते तिला थांबवता येत नाही. सावर. घुम्, घुम्. पाऊल वळतं. बाप.

"फिरव, न्ने."

थाळी जड व्हायला लागलीय. कोला तेवढीच, लाकूड तेवढंच. पण मनगटं भरून येतात, पाण्यानं भरलेली घागर धरावी तशी. आणि दर फेरीला गोल लहान होतोय. माणसं सरकत नाहीत, तरी गुडघे जवळ येतात. आता उभं राहायला जेमतेम जागा आहे. छप्पर केसांना लागतंय. फळ्यावरचे चार बाजार एकमेकांत मिसळून एक पांढरा गोळा झालाय.

"पापा, झाडापलीकडे कोण आहे?"

बाप घसा साफ करतो. हा घसा तिला माहीत आहे. यानंतर म्हण येते.

"म्हातारा बसल्या जागी बघतो, ते पोराला..."

"मी पन्नाशीला आले, पापा! जिना चढताना माझे गुडघे वाजतात. मला झाडावर कुठे चढवता?"

बाप हसतो. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसतो, अगदी जिवंतपणी हसायचा तसा. तिलाही हसू येतं, आणि त्या हसण्यात क्षणभर वाटतं, आता सुटलो. पण हसून झाल्यावर बाप तोंड पुसतो आणि म्हणतो, "बरं. दुसरी सांगतो. नदी वाकडी का? कारण तिला वाट दाखवायला..."

"म्हणी पुरे."

"मग फिरव थाळी."

ती निघते. या वेळी सावरीपाशी पाऊल वळायच्या आत ती मटकन खाली बसते. रस्त्याच्या मधोमध, धुळीत, थाळी मांडीवर घेऊन. पोटाशी घट्ट धरून.

आधी एक म्हातारा खाकरतो. मग दुसरा. मग सगळा गोल खाकरतो, आणि तो आवाज वाऱ्यासारखा चढत जातो. अंगावर धूळ येते, डोळ्यांत जाते. "थाळी अडली," न्वाफोर काकाचा आवाज येतो. "कुणी अडवली? ओक्वुदिली मास्तरच्या लेकीनं. शिकवायला निघाली होती!"

"न्ने, ऊठ," बाप म्हणतो. तो आता तिच्याशेजारी धुळीत बसलाय, चर्चच्या कोटासकट. "थाळी अडवू नये. कोला फुटत नाही मग. सगळे अडकून पडतात."

"अडकलेलेच आहेत, पापा. तुम्हीसुद्धा. मेलात, तरी तुम्ही याच गोलात बसलाय."

बाप मागे वळून बघतो.

खाकरणं थांबतं. गुडघे नाहीत, फळा नाही. नुसता रस्ता, झाड आणि उडणारा कापूस. पलीकडचं मडकंही थांबलंय. वाजवणारी ऐकत असावी.

"हो," तो म्हणतो. "मलाही दार सापडत नाही. मी आल्यापासून शोधतोय. तुझा आजाही तिथंच बसलाय, त्याचा बापही. आम्ही एकमेकांना विचारत नाही. लाज वाटते." तो हातातली कोला उलटीपालटी करून बघतो. "तू एवढीशी होतीस, तेव्हाही हेच विचारलं होतंस. थाळी तिकडे का जात नाही. आठवतं?"

"आठवतं. तुम्ही म्हण सांगितलीत."

"माझ्या बापानं मला तीच सांगितली होती. मी जपून ठेवली. चांगली जड लागायची हाताला. वाटायचं, आत काहीतरी असणारच. उघडून कधी बघितली नाही." त्याचा आवाज शेवटाला वर जात नाही. पहिल्यांदाच तो खाली येऊन टेकतो. "आत काही नव्हतं, न्ने. मला कारण ठाऊकच नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी मास्तर होतो, मला प्रत्येक गोष्टीचं कारण सांगता यायचं, आणि याचं नव्हतं. मला एकच भीती होती. मी तिकडे गेलो, तर उद्या थाळी माझ्या दारापाशी येऊन वळेल. तुम्ही पोरं आत भुकेली... भुकेली नव्हे, पण कशी... बिनबोलावलेली. ती भीती होती. तिला मी रीत म्हणालो."

उझोअमाकाला त्याला रागवायचंय. ती त्याच्या कोटाच्या बाहीवरची धूळ झटकते. धूळ निघत नाही.

"रोज सकाळी म्हणायचात ते. घारही बसो, गरुडही बसो."

"म्हणायचो. ऐकत नव्हतो."

तो कोटाच्या खिशातून पांढऱ्या मातीचा गोळा काढतो. न्झू. दारी आलेल्याला कोलाच्याही आधी देतात तो. त्यानं जमिनीवर रेघ ओढायची, अंगाला टेकवायची, मन साफ आहे अशी खूण. बाप तिचा डावा हात ओढून घेतो आणि मनगटावर एक रेघ ओढतो. ओली, थंड. शाळेत पहिल्यांदा हात धरून गिरवून घेतलं होतं, तशी.

"मी कुठे पाहुणी, पापा?"

"इथे तूच तेवढी पाहुणी. बाकी आम्ही सगळे राहतो." तो उठायला बघतो, उठवत नाही, तसाच बसून राहतो. "जा आता. पाय वळतील तिकडे जाऊ नको. वळत नाहीत तिकडे जा."

"आणि तुम्ही?"

"थाळी पुढे गेली, तर बघू. कोला फुटेल. मग आम्हाला सगळ्यांना उठता येईल."

ती थाळी घेऊन उभी राहते. पाऊल उचलते. गुडघ्यात कळ येते, खरी, ओळखीची, आणि कापूस नाकातोंडात जातो...

कट्.

"झोपेत केवढी बोलतेस गं," आई म्हणतेय. दारात उभी आहे, हातावर बियांची सालं चिकटलेली. "ऊन उतरलं. ती मडकंवाली पोर येऊन बसलीय कधीची. आत ये म्हटलं, येत नाही. फाटकापाशीच बसलीय."

उझोअमाका उठून बसते. ओठ फुटलेत, तोंडात धूळ. ती मनगटानं तोंड पुसायला जाते आणि थबकते.

आई जवळ येते. हात उजेडात धरते. डाव्या मनगटावर आडवी पांढरी रेघ आहे. अर्धी वाळलेली, कडांना अजून ओल. आई बोट लावते, बोटाचा वास घेते, बोट जिभेला लावते.

"फळ्याचा खडू नाही हा. न्झू आहे." ती लेकीकडे बघते. "घरात होता तेवढा गोळा मी त्यांच्या मुठीत देऊन पुरला."

मग आई आत जाते, फडताळावरची लाकडी थाळी काढते, लुगड्याच्या टोकानं पुसते आणि कोला घालून लेकीच्या हातात देते.

फाटकाबाहेर सोमकेने बसलीय. मडकं मांडीत, दोन्ही तळवे त्यावर ठेवलेले, वाजवत नाही. आंटीला पाहून उभी राहते.

"थाळी आज तू फिरवशील," उझोअमाका म्हणते.

"टोबे आजारी आहे म्हणून?"

प्रश्न सरळ आहे, त्यात काटा नाही. तरी लागतो.

"नाही. तो बरा असता तरी. पहिल्यापासून तुलाच द्यायला हवी होती."

सोमकेने थाळीकडे बघते. हात पुढे करत नाही.

"ते घेतील माझ्या हातून?"

म्हण जिभेवर येते. जुनी, जड, तयार. उझोअमाका ती गिळते.

"ठाऊक नाही. न्वाफोर काका म्हणालेत, उठून जातील. कदाचित वर्गही बंद करतील. मी मात्र उठणार नाही."

"मीही नाही," मागून आई म्हणते. ती पदराला हात पुसत फाटकापर्यंत आलीय. "आणि इथं वयानं थोरली मीच आहे. आधी मला दाखव, पोरी. रीत आहे ना?"

सोमकेने मडकं खाली ठेवते. थाळी घेते. दोन्ही हातांनी, अंगठे आतल्या बाजूला, जसं शिकवलं होतं तसं. म्हातारीपुढे नेते. म्हातारी बोटं टेकवते, डोळ्यांनी घेते, परत देते. वाऱ्यानं धूळ उठते. तिघी डोळे मिटतात, उघडतात. थाळी हललेली नाही.

"सोमकेने," उझोअमाका म्हणते. "निघण्याआधी तुला एक सांगायचंय. तुला मी मडकं का दिलं होतं..."

"मला माहितीये, आंटी." पोर थाळीवरची नजर न काढता म्हणते. "पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला लाज वाटेल, म्हणून मी बोलले नाही."